बावीस जणींचा स्वभाव

बोटभर लांबीचा तपकिरी बिल्ला होता, आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच शब्द: माती. तो नंदिनी गजभियेच्या ॲप्रनवर सगळ्यांच्या देखत लावला गेला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. आता सांगा! चव्वेचाळीस वर्षांच्या, घरदार आणि कारखाना दोन्ही ओढणाऱ्या बाईला माती म्हणायचं आणि वर टाळ्या पिटायच्या, याला म्हणावं तरी काय? नंदिनीनं हात जोडले, हसली, जागेवर जाऊन बसली. आतून तिचं डोकं इतकं तापलं होतं की बाजूला बसलेल्या दिपालीनं विचारलं, "ताई, बरं नाही का वं वाटत?"

नागपुरात कळमन्याच्या बाजाराच्या मागच्या रस्त्यावर ही डाळीची कंपनी. डाळ येते, निवडली जाते, पाकिटात भरून बाहेर पडते. पॅकिंगच्या लाइनीवर तेवीस बाया. त्यातली एक नंदिनी, बाकी बावीस. सहा वर्षांपूर्वी लाइनीचे सुपरवायझर बळीरामकाका निवृत्त झाले, तेव्हा मॅनेजर ठवकर साहेब तिला म्हणाले होते, "नंदिनीताई, चार दिवस जरा बघून घ्या, नवीन माणूस येतच आहे." ते चार दिवस काही संपले नाहीत. सहा वर्षं बाई लाइन बघतेय. कोण आज येणार नाही हे तिला आदल्या दिवशीच कळतं. भागीरथाबाईचे गुडघे गेलेत म्हणून तिला वजनकाट्याजवळच्या स्टुलावर बसवायचं, दिपालीची नजर तेज म्हणून तिला खडे वेचायला द्यायचं, दोन जावांचं घरी वाजलं असेल तर त्यांना सरकत्या पट्ट्याच्या दोन टोकांना पाठवायचं. हे सगळं ती करायची आणि कागदावर तिची जागा काय? तर "पॅकिंग कामगार". नवीन माणूस येतच होता, सहा वर्षं.

घर पारडीला. नवरा अंकुश शाळेची व्हॅन चालवतो, मुलगी दीक्षा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. नंदिनी स्वतः बारावी पास. तिचे वडील देवाजी गिरणीत होते. रात्रशाळेत जाऊन अक्षर शिकलेला माणूस. आपल्या पोरीनं कागद वाचून घ्यायला कोणापुढे हात जोडू नयेत एवढंच त्यांना हवं होतं, आणि ते त्यांनी हट्टानं करून घेतलं. त्याचा परिणाम असा झाला की आता सगळी वस्ती कागद घेऊन तिच्याकडे येते. राशनकार्ड, बँकेचं खातं, पोरांचा दाखला, गॅसची तक्रार. कंपनीत तर विचारूच नका. कंपनीनं काहीही छापील वाटलं की डब्याच्या सुट्टीत नंदिनीच्या पुढ्यात गठ्ठा, आणि गठ्ठ्याच्या वर कोणीतरी प्रेमानं ठेवलेली शेवेची पुडी.

तसाच हा गठ्ठा आला. मालकाच्या मुलानं कुठलंसं शिबिर केलं होतं, तिथून त्याच्या डोक्यात हे शिरलं. पुण्याहून एक तज्ज्ञ मॅडम आल्या. माणसाचे स्वभाव चार असतात म्हणाल्या: सूर्य, वारा, पाणी, माती. साठ प्रश्न आहेत, खरी उत्तरं द्या, म्हणजे आपण कसे आहोत हे आपलं आपल्याला कळतं, कामात आणि घरी दोन्हीकडे उपयोग होतो. मॅडम वाईट बोलल्या नाहीत हो, गोड बोलल्या. मग ऑफिसातला सौरव उभा राहिला. एच.आर. बघणारा पोट्टा, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात पट्टा. तो म्हणाला, "हे फक्त स्वतःची ओळख व्हावी म्हणून आहे. याचा तुमच्या नोकरीशी काहीही संबंध नाही. बिनधास्त भरा."

हे वाक्य नंदिनीनं नीट ऐकलं होतं. पुढे तिनं ते कितीदा तरी मनातल्या मनात म्हटलं, आणि दर वेळी तिच्या हाताच्या मुठी वळल्या.

फॉर्म मराठीत होता, पण ती मराठी कोण्या गावची होती देव जाणे. 'अनपेक्षित परिस्थितीत मी स्वयंप्रेरणेने पुढाकार घेते.' खाली पाच चौकटी: पूर्णतः सहमत, काहीसे सहमत, सांगता येत नाही, काहीसे असहमत, पूर्णतः असहमत.

भागीरथाबाईनं फॉर्म उलटा केला, सुलटा केला आणि नंदिनीच्या मांडीवर ठेवला. "तूच भर वं माय. मी कशी आहे हे तुले माहीत नाही का?"

तिच्यामागून बाकीच्या. "माहा पण." "माहा पण, ताई." दोघी-तिघींना वाचता येत होतं, पण त्यांनीही दिला, कारण साठ प्रश्न वाचायचे म्हणजे डबा राहतो. नंदिनीनं आठवडाभर डब्याच्या सुट्टीत बसून बावीस फॉर्म भरले. कोणाला काही विचारावं लागलं नाही. 'कोणी रागावल्यास मी शांत राहते.' भागीरथाबाई? पूर्णतः सहमत, तिचा दारुडा नवरा मरेपर्यंत तिनं तेच केलं. 'बारीकसारीक चुका माझ्या लगेच लक्षात येतात.' दिपाली? पूर्णतः सहमत, ती तर माझ्या टिकलीचा मध्य चुकला तरी सांगते. असं एकवीस जणींचं तिनं इमानदारीनं लिहिलं. उगाच कोणाला चढवलं नाही की पाडलं नाही.

बाविसावी रितिका. सव्वीस वर्षांची पोरगी, पदरात तीन वर्षांचं लेकरू. उन्हाळ्यात तिचा नवरा घर सोडून गेला, आणि जाताना तिला काय काय बोलून गेला ते तिनं एकदा नंदिनीला सांगितलं होतं. तेव्हापासून पोरगी मान खाली घालून काम करायची. कोणी नाव विचारलं तरी दचकायची. नंदिनीनं तिचा फॉर्म हातात घेतला आणि तिच्या मनात आलं, हा कागद फिरून हिच्याच हातात येणार. एकदा तरी हिनं स्वतःबद्दल चांगलं वाचावं. म्हणून तिनं लिहिलं. पुढाकार घेते? पूर्णतः सहमत. लोक माझं ऐकतात? पूर्णतः सहमत. अडचणीत डगमगत नाही? पूर्णतः, पूर्णतः, पूर्णतः. नोकरीशी संबंध नाही म्हणाले होते ना! मग कोणाचं काय बिघडतं?

आणि तिचा स्वतःचा? तो राहिला सगळ्यात शेवटी. सौरव समोर हात पुढे करून उभा. "झालं का ताई? द्या लवकर." नंदिनीनं पेन घेतलं आणि मधल्या चौकटीत वरपासून खालपर्यंत सरळ रेघ ओढली. सांगता येत नाही, सांगता येत नाही, सांगता येत नाही. एक मिनिटसुद्धा लागलं नाही.

पंधरा दिवसांनी निकाल. हॉलमध्ये खुर्च्या, पडद्यावर चित्रं. मॅडम एकेकीचा अहवाल वाचत होत्या आणि बाया तोंडावर हात ठेवत होत्या. "माय वं! सारं खरं सांगून राहिली ही बाई!" भागीरथाबाईच्या तर डोळ्यात पाणी. मॅडमही खूश. एवढे अचूक अहवाल आपण पहिल्यांदाच पाहतोय, म्हणाल्या. नंदिनी खाली बघून हसत होती. मग तिचा अहवाल आला: माती. स्थिर, सोशिक, सांगितलेलं काम नीट करणारी. स्वतःची मतं कमी. नेतृत्वासाठी योग्य नाही. बिल्ला, टाळ्या.

आणि त्यानंतर ठवकर साहेब उठले. "आनंदाची बातमी! लाइन सुपरवायझरची जागा आपण पक्की भरतोय. वशिला नाही, ओळख नाही. शास्त्रीय पद्धतीनं. आपल्या लाइनीवर एकच सूर्य निघालाय. रितिका, ये पुढे."

रितिका जागची हलेना. मागून कोणीतरी तिला ढकललं. पिवळा बिल्ला तिच्या ॲप्रनवर लागला तेव्हा ती नंदिनीकडे बघत होती, आणि तिचा चेहरा रडवेला झाला होता. नंदिनी टाळ्या वाजवत होती, करणार काय? 'साहेब, ते फॉर्म मी भरले' म्हणावं, तर बावीस जणींवर फसवणुकीचा ठपका. न म्हणावं, तर सहा वर्षं पाण्यात. नोकरीशी संबंध नाही म्हणे! तोंड वर करून खोटं बोलले हे लोक, आणि शास्त्रीय पद्धतीनं.

घरी पोचली तर अंकुश चहाची वाट बघत बसलेला. बिल्ला काढायचा राहून गेला होता. "काय वं हे?" त्यानं विचारलं. तिनं सांगितलं. सगळं सांगितलं, फॉर्मसकट. अंकुशनं बिल्ला हातात घेऊन वाचला आणि तो हसला. वाईट मनानं नाही, आपला सहज हसला. "बरोबरच तर आहे मंग. तुले कधी काही लागतच नाही. लय शांत बाई आहेस तू."

नंदिनीनं कणीक तिंबायला घेतली आणि ती अशी तिंबली की परात फरशीवर आपटत होती. दीक्षानं पुस्तक मिटलं. "आई, तो फॉर्म आहे का तुझ्याजवळ?"

एक कोरा उरला होता, पिशवीत होता. दीक्षा तो घेऊन ओट्याशी उभी राहिली. "मी वाचते, तू सांग. खरं खरं सांग. सुट्टीच्या दिवशी तुला काय करायला आवडतं?"

"तुझ्या बाबाले सुट्टीच्या दिवशी लागते रस्सा-भात, तं..."

"बाबाचं नाही. तुझं."

"तू घरी असली की मंग..."

"माझं पण नाही गं! तुझं. नंदिनी अंकुश गजभिये, तिला काय आवडतं?"

लाटणं थांबलं. बाई विचार करू लागली. बावीस जणींचे साठ साठ प्रश्न जिनं घास तोंडात असताना सोडवले, तिला हा एक प्रश्न सुटेना. तव्यावरची पोळी करपली तरी तिच्या लक्षात आलं नाही.

"अवं लिही ना," अंकुश तिकडून म्हणाला, "सैपाक."

"मले नाही आवडत सैपाक!"

एवढ्या मोठ्यानं की शेजारच्यांचा टीव्ही बारीक झाला. "कोणी सांगितलं तुम्हाले मले सैपाक आवडते? एकवीस वर्षं झाली, करून राहिली म्हणून करून राहिली! आणि ही करपलेली पोळी, ही पण मले आवडते, नाही का? साऱ्या पाहुण्याइले सांगत फिरता, आमच्या घरी करपली पोळी नंदिनीलेच लागते. काहून लागंल मले? कोणाले लागते करपलेली पोळी? कोणी खात नाही म्हणून मी खाते!"

अंकुश आ वासून बघत राहिला. "तू कधी म्हटलं नाही वं."

"नाही म्हटलं, तं मी माती झाली काय?"

 मग दीक्षानं हळूच विचारलं, "मग काय आवडतं, आई?"

"मले लाइन आवडते," नंदिनी म्हणाली. आवाज खाली आला होता. "सकाळी बाया येतात. तोंड पाहूनच कळते कोण कशी आली. मंग मी ठरवते कोणाले कुठं बसवायचं, आणि संध्याकाळी पाकिटं बरोबर निघतात. ते आवडते मले. मले ती जागा पायजे होती, दीक्षा. सहा वर्षं पायजे होती. मी मागितली नाही. मले वाटलं, दिसतच असंल ना त्याइले."

दीक्षानं फॉर्मवर काही लिहिलं नाही. "फॉर्म वाईट नाही आई," ती म्हणाली. "बघ, एका प्रश्नात तुझं तुला कळलं. पण त्याच्यावरून दुसऱ्यानं तुला जागा द्यायची की नाही ठरवायचं, हे चूक आहे. आणि तू जाऊन सांग." अंकुशनं त्या रात्रीच्या जेवणात करपलेली पोळी आपल्या ताटात ओढून घेतली आणि चावताना तोंड वाकडं केलं नाही. चला, तेवढं तरी.

पण नंदिनी सांगायला गेली नाही. राग वाईट असतो. दुसऱ्या दिवसापासून तिनं ठरवलं, मला माती म्हणता ना, मग घ्या, माती होऊन दाखवते. पट्ट्याशी जायचं, हात चालवायचे, तोंड बंद. रितिका तिच्यापाशी आली. "ताई, आज दोघी आल्या नाहीत. कोणाले कुठं बसवू?"

"तू सूर्य आहेस बाई. तूच पाहा."

रितिकाचा चेहरा उतरला, आणि नंदिनीला आतून वाईट वाटलं, पण तिनं मान वर केली नाही. त्या आठवड्यात भागीरथाबाई दिवसभर उभी राहिली. दोन्ही जावा एकमेकींच्या शेजारी आल्या आणि पट्ट्यावरच भांडल्या. सौरवनं विचारलं, "काय चाललंय ताई?" तर नंदिनीनं छातीवरच्या बिल्ल्यावर बोट ठेवलं. "माती बोलत नाही, सर."

नवव्या दिवशी ते झालं. लाइनीवर डाळ बदलली की एक रीत होती. कुठल्याही कागदावर नाही, ती नंदिनीनं लावलेली. मशीन थांबवायचं, नवीन डाळीचं पहिलं पाकीट फोडायचं, हातात घ्यायचं आणि डाळीचं नाव मोठ्यानं ओरडायचं. सगळ्या बायांनी ते नाव उलट ओरडून सांगितलं, की मगच मशीन सुरू. बाहेरच्या माणसाला गंमत वाटायची, पण सहा वर्षांत एक पाकीट चुकलं नव्हतं. त्या दिवशी चना डाळ संपली आणि तूर डाळ आली. बायांनी हात थांबवले, वाट पाहिली. कोणी ओरडलं नाही. रितिकाला कुठे ठाऊक होतं की ओरडणं आता आपलं काम आहे? मशीनवर पाकिटांचा छापील रोल चना डाळीचाच होता. नंदिनी तीन हातांवर उभी होती. तिनं तो रोल पाहिला. तोंड उघडलं, आणि परत मिटलं. मशीन तसंच सुरू झालं.

तूर डाळीची दोनशेवर पाकिटं चना डाळीच्या नावानं इतवारीच्या बाजारात गेली आणि तिसऱ्या दिवशी टेम्पोनं परत आली.

ठवकर साहेबांनी रितिकाला केबिनमध्ये बोलावलं. योग असा की पुण्याच्या मॅडमही त्याच दिवशी आढावा घ्यायला आलेल्या, आणि सौरवही आतच होता. केबिनला काचेचं दार, पण ठवकर साहेबांचा आवाज काचेत मावणारा नव्हता. लाइनीवर सगळं ऐकू येत होतं.

"चाचणी सांगते तुझ्यात पुढाकार आहे, जबाबदारी आहे, डगमगत नाहीस! मग हे झालंच कसं? चाचणी तर चुकत नाही. म्हणजे तुला जमत नाही असं नाही, तुला करायचं नाही! मुद्दाम केलंस तू. कामावरून काढायला पाहिजे तुला!"

आता हे ऐकून कोणाचं डोकं ठिकाणावर राहील? कागद खरा आणि माणूस खोटा! रडणारी पोरगी समोर उभी आहे, तिच्याकडे बघायचं सोडून हे महाशय अहवालाकडे बघतायत. नंदिनीनं ॲप्रनला हात पुसले आणि दार न वाजवता आत गेली.

"साहेब, तिले बोलू नका. ते फॉर्म मी भरले."

"कुठले फॉर्म?"

"सारे. बावीसही. आमच्यात कागद मीच भरते, सहा वर्षं तुमचेही सारे मीच भरले, तुम्हाले माहीत नसंल. एकवीस खरे भरले. हिचा खोटा भरला. हिच्या नवऱ्यानं हिले नाही नाही ते म्हटलं होतं, तं मले वाटलं एकदा चांगलं वाचंल. तुम्हीच म्हणाले होते ना, नोकरीशी संबंध नाही? आणि ते पाकिटं चुकून राहिली होती तेव्हा मी पाहिलं होतं. पाहून गप्प बसली. तो दोष माहा. तिचा नाही."

मॅडम खुर्चीत पुढे सरकल्या. "हे शक्य नाही. साठ प्रश्न, बावीस व्यक्ती. आणि प्रत्येकीनं सांगितलं, अहवाल तंतोतंत जुळतो."

"जुळंल नाही तं काय! नऊ वर्षं त्याइच्यासोबत जेवून राहिली मी." नंदिनीनं बोटांवर मोजायला सुरुवात केली. "भागीरथाबाई. कोणी रागावलं तर गप्प राहते, पण घरी जाऊन जेवत नाही. त्या दिवशी तिले दुपारीच दोन पोळ्या जास्त द्याव्या लागतात. दिपाली. चूक दिसली की बोलते, पण चारचौघांत तिची चूक दाखवली तर दोन दिवस हात चालत नाही, म्हणून तिले बाजूला घेऊन सांगावं लागते. त्या दोन जावा. मोठी बोलते जास्त, पण घाबरते ती. लहानी बोलत नाही, आणि ऐकतही नाही. सांगू पुढं? एकवीसही सांगते. तुमच्या अहवालात नाही ते पण सांगते."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "आणि तुमचा स्वतःचा?"

"माहा? सौरव सर डोक्यावर उभे होते. मधल्या चौकटीत रेघ ओढली आणि दिला. त्या रेघेला तुम्ही माती म्हटलं." आता तिचा आवाज चढला, आणि तिनं चढू दिला. "मॅडम, जिनं बावीस माणसं बरोबर ओळखली, तिले तुमची चाचणी म्हणते नेतृत्वासाठी योग्य नाही! मंग नेतृत्व म्हणजे असते तरी काय, ते तं सांगा मले!"

 मॅडमनी टेबलावरचा अहवालाचा गठ्ठा ओढला, शेवटचं पान उघडलं आणि ठवकर साहेबांसमोर ठेवलं. "मी इथे लिहिलं होतं. ही चाचणी स्वतःला समजून घेण्यासाठी आहे. बढती किंवा नेमणूक ठरवण्यासाठी वापरू नये."

मुंगीएवढी अक्षरं होती. ठवकर साहेबांनी सौरवकडे पाहिलं, सौरवनं पंख्याकडे पाहिलं.

"लिहिलं होतं!" नंदिनी म्हणाली. "आणि त्या दिवशी हॉलमध्ये हिले पिवळा बिल्ला लावला तेव्हा तुम्ही तिथंच होत्या ना, मॅडम? टाळ्या वाजवून राहिल्या होत्या. तोंडानं सांगायले काय झालं होतं?"

 निदान मॅडमचा चेहरा लाल झाला, तेवढं बरं वाटलं.

ठवकर साहेबांनी घसा साफ केला. नियमानं तर कारवाई व्हायला पाहिजे, म्हणाले. मग काचेतून बाहेर बघितलं. लाइन बंद होती. एकवीस बाया हात खाली सोडून केबिनकडे तोंड करून उभ्या होत्या. कोणी कोणाला थांबायला सांगितलं नव्हतं. भागीरथाबाई स्टुलावर बसली होती, कोणीतरी तिला ते आणून दिलं होतं.

"तुम्हाले काय पाहिजे ते तरी सांगा, गजभिये बाई," साहेब शेवटी चिडून म्हणाले. एवढ्या वर्षांत नागपुरी बोलीत ते तिच्याशी पहिल्यांदा बोलले असतील.

नंदिनीनं रितिकाकडे पाहिलं. पोरीनं पिवळा बिल्ला कधीच काढला होता, तो तिच्या मुठीत होता. "ताई, मले नाही पायजे ती जागा," ती म्हणाली. "मले तुम्ही शिकवा. नाही तं मी गेली."

"मले ती जागा पायजे, साहेब," नंदिनी म्हणाली. बोलताना तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. मागायची सवय नव्हती ना बाईला. "सुपरवायझरची. आणि रितिकाच्या नावावर एक ओळ लागायची नाही. पाकिटांचा जो काही दोष लिहायचा तो माह्या नावावर लिहा. पण जागा मले पायजे."

साहेबांनी बाहेरच्या थांबलेल्या पट्ट्याकडे पाहिलं. मग त्यांनी सौरवला खूण केली. सौरवनं कॉम्प्युटरवर पत्र काढलं, छापलं, तिच्यासमोर ठेवलं. नंदिनीनं ते सगळ्यांसमोर पहिल्या अक्षरापासून वाचलं. श्रीमती नंदिनी अंकुश गजभिये यांना लाइन सुपरवायझर या पदावर तात्पुरत्या स्वरूपात...

ती तिथंच थांबली. पत्र टेबलावरून परत साहेबांकडे सरकवलं.

"आता काय झालं?"

"सहा वर्षं तात्पुरतीच होती, साहेब. हे दोन शब्द खोडा. मंग सही करते."

"अहो, सुरुवातीला तसंच लिहायची पद्धत आहे..."

"रितिकाच्या पत्रात होते का?"

सौरवनं मान हलवली: नव्हते. ठवकर साहेबांनी खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं आणि एक रेघ ओढली. ती रेघ 'तात्पुरत्या' वरच थांबली. नंदिनीनं वाकून 'स्वरूपात' वर बोट ठेवलं आणि ते बोट साहेब तिथवर येईपर्यंत उचललं नाही.